कुत्र्यामांजरांची रेबीजची लस : पहिली मात्रा, बूस्टर, चुकलेली तारीख आणि परदेशप्रवास

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कोणत्या प्राण्यांबद्दल आहे ते इतर वाचकांनाही कळेल. कुत्रा अडीच वर्षांचा आहे. पिल्लू असताना त्याला रेबीजची लस दिली, वर्षभराने दुसरी दिली, आणि तिसरीची तारीख उलटून आता दोन महिने झाले आहेत. मांजर चार वर्षांचे आहे, घराबाहेर जात नाही, म्हणून त्याला आजवर एकदाही लस दिलेली नाही. पुढच्या वर्षी दोघांना घेऊन परदेशी राहायला जायचा विचार आहे, पण देश अजून नक्की झालेला नाही. तुमचे प्रश्न तीन आहेत : चुकलेल्या तारखेमुळे कुत्र्याचे सगळे लसीकरण पहिल्यापासून करावे लागेल का, घरातच राहणाऱ्या मांजराला ही लस खरोखर लागते का, आणि वारंवार टोचण्याऐवजी रक्तातील प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने) तपासून घेतली तर चालते का.

दोघांनाही लस द्या आणि शक्य तितक्या लवकर द्या. मात्र सुई टोचण्यापूर्वी दोघांच्या अंगात मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप) आहे की नाही ते तपासून घ्या, आणि नसेल तर आधी चिप बसवून मगच लस द्या. दोन्ही गोष्टी एकाच भेटीत होऊ शकतात, पण क्रम हाच हवा. परदेशी जायचे ठरलेले नसते तर चिपचा आग्रह मी इतक्या घाईने धरला नसता. चिपच्या आधी दिलेली लस अनेक देश मोजतच नाहीत, आणि मग निरोगी, संरक्षित प्राण्याला केवळ कागदासाठी पुन्हा टोचावे लागते. संरक्षणासाठी कुत्र्याला एकच मात्रा पुरेल. मांजराला आता एक आणि वर्षभराच्या आत दुसरी लागेल. प्रतिपिंडांच्या तपासणीचा उपयोग प्रवासासाठी आहे. लसीच्या जागी ती चालत नाही.

आता कारणे. कुत्र्यामांजरांना आपण इतरही लसी देतो, पण त्या दिल्या नाहीत तर सरकार सहसा विचारायला येत नाही. रेबीजच्या लसीमागे मात्र जगातल्या बहुतेक ठिकाणी कायदा उभा आहे, कारण हा आजार प्राण्याकडून माणसाला होतो आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर त्यावर खात्रीचा इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, आणि बळी पडणाऱ्यांपैकी जवळपास ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. या लसीचे नियम वाचताना ही पार्श्वभूमी मनात ठेवली, तर त्यातल्या ज्या अटी अकारण जाचक वाटतात त्यांचा रोख कुठे आहे ते समजते. ते नियम तुमच्या कुत्र्याला वाचवण्यासाठी आहेतच, पण उद्या तो ज्या मुलाला चावेल त्या मुलासाठीही आहेत.

विषाणू शरीरात कसा फिरतो हे कळले की नियमांतील मुदतींचा अर्थ लागतो. चाव्यातून विषाणू स्नायूत उतरतो, तिथल्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. हा प्रवास रक्तातून होत नसल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा उशिरा लागतो. चावा मेंदूपासून किती दूर आहे आणि जखम किती खोल आहे यावर या प्रवासाचा काळ अवलंबून असतो. तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो, आणि त्या काळात प्राणी पूर्णपणे निरोगी दिसतो. मेंदूत वाढल्यानंतर विषाणू पुन्हा मज्जातंतूंच्या वाटेनेच लाळग्रंथींत उतरतो. कुत्रे आणि मांजर लक्षणे दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी लाळेतून विषाणू टाकू लागतात, आणि लक्षणे सुरू झाली की थोड्याच दिवसांत मरतात. चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवण्याचा सर्वत्र आढळणारा नियम यातूनच आलेला आहे : चावताना लाळेत विषाणू असता तर दहा दिवसांच्या आत प्राण्याने लक्षणे दाखवली असती. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीज होण्याचा प्रश्न उरत नाही.

लक्षणांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे मालकांचे हात धोक्यात येतात. पिसाळलेला कुत्रा म्हणजे अंगावर धावून येणारा कुत्रा, ही समजूत अर्धीच खरी आहे. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. त्यात प्राणी कोपऱ्यात जाऊन बसतो, त्याचा खालचा जबडा लुळा पडतो, तोंड उघडे राहते, लाळ गळते आणि त्याला गिळता येत नाही. घरच्यांना वाटते की घशात हाड अडकले आहे, आणि ते काढण्यासाठी कुणीतरी त्याच्या तोंडात हात घालते. लसीकरणाची खात्री नसलेल्या प्राण्याचा जबडा असा लोंबताना दिसला तर त्याच्या तोंडात हात घालू नका. त्याला एका खोलीत बंद करा आणि पशुवैद्याला फोनवर सगळे नीट सांगून मग पुढचे ठरवा.

पहिल्या मात्रेच्या वयाकडे येऊ. बहुतेक लसींच्या लेबलवर आणि बहुतेक देशांच्या नियमांत किमान वय १२ आठवडे किंवा तीन महिने दिलेले असते. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिपिंडे मिळतात ती पहिले काही आठवडे त्याचे रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करतात आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होऊ देत नाहीत. बारा आठवड्यांच्या सुमारास ती इतकी ओसरलेली असतात की लस नीट काम करते. मोकाट कुत्र्यांसाठीच्या सामूहिक मोहिमांत याहून लहान पिल्लांनाही टोचतात, आणि ते योग्यच आहे, कारण ते पिल्लू पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. घरातल्या पिल्लाला मात्र बारा आठवडे पूर्ण झाल्यावरच टोचावे, आणि तोवर अनोळखी प्राण्यांपासून दूर ठेवावे. प्रवासाचा बेत असेल तर वय दिवसांत मोजा. जपान ९१ दिवस पूर्ण होण्यापूर्वी दिलेली मात्रा धरत नाही, आणि उत्साहाच्या भरात नव्वदाव्या दिवशी टोचलेल्या पिल्लाची ती मात्रा तिथे वाया जाते.

पहिली मात्रा दिली म्हणजे त्याच दिवशी संरक्षण मिळाले असे होत नाही. पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला तीन ते चार आठवडे जातात. म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावे लागते आणि अमेरिकेत प्रचलित असलेल्या मार्गदर्शनानुसार प्राण्याला २८ दिवसांनंतर संरक्षित मानतात. बूस्टरचे, म्हणजे पहिल्या मात्रेनंतर पुन्हा द्यायच्या मात्रेचे, तसे नसते. शरीराला विषाणूची ओळख आधीच झालेली असल्यामुळे प्रतिपिंडे काही दिवसांतच वर चढतात, आणि म्हणून वेळेवर बूस्टर घेतलेला प्राणी त्याच दिवसापासून संरक्षित धरला जातो.

पहिल्या मात्रेनंतर वर्षभराने दुसरी द्यायची, यावर जवळपास सर्वत्र एकमत आहे. मतभेद त्यापुढे सुरू होतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी दरवर्षी सांगितले, तर तुम्ही वाचले मात्र तीन वर्षांनी, असे होण्याचे कारण तेच आहे. लस किती काळ चालते हे उत्पादकाने त्या लसीसाठी मिळवलेल्या परवान्यावर ठरते. परवान्यासाठी प्राण्यांना लस देऊन ठरलेल्या काळानंतर प्रत्यक्ष विषाणूशी सामना घडवला जातो आणि किती प्राणी तगले ते पाहिले जाते. ज्या लसीची अशी चाचणी तीन वर्षांनी झाली तिच्या लेबलवर तीन वर्षे येतात. जिची एका वर्षानेच झाली तिच्यावर एक वर्ष येते. त्यावर पुन्हा स्थानिक कायदा बसतो. लस तीन वर्षांची असली तरी तुम्ही राहता तिथला कायदा दरवर्षी टोचा म्हणत असेल तर कायदाच चालतो. जपानमध्ये १९५० च्या रेबीज प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्यांना दरवर्षी लस द्यावी लागते, आणि १९५७ नंतर तिथल्या प्राण्यांत रेबीज आढळला नसूनही तो नियम कायम आहे. उलट, कायदा तीन वर्षे मान्य करत असला पण बाटलीवर एक वर्ष लिहिलेले असेल, तर एकच वर्ष धरायचे. म्हणजे लेबल आणि कायदा या दोहोंत जी मुदत आधी संपते ती तुमची मुदत. शिवाय तीन वर्षांची लस असली तरी तिची पहिली मात्रा अनेक ठिकाणी एकाच वर्षासाठी ग्राह्य असते. मी स्वतः रेबीज पसरलेल्या भागातल्या मालकांना वार्षिक लसीचाच सल्ला देतो. एका मात्रेने तीन वर्षांचे संरक्षण मिळते यावर माझा विश्वास आहे. पण तीन वर्षांनंतरची तारीख लक्षात ठेवून परत येणारे मालक कमी असतात.

तुमच्या कुत्र्याची तारीख दोन महिने उलटली आहे. तारीख संपली त्या रात्री त्याची प्रतिपिंडे नाहीशी झालेली नाहीत. आधीच्या दोन मात्रांची स्मृती त्याच्या शरीरात शाबूत आहे, आणि आज एक मात्रा दिली की ती जागी होईल. म्हणून पहिल्यापासून दोन मात्रांची मालिका करण्याची गरज नाही. कागदावर मात्र हीच घटना जागोजागी वेगळी दिसते. अमेरिकेच्या मार्गदर्शनानुसार आधीच्या लसीचा पुरावा असलेल्या प्राण्याची मुदत उलटली असली तरी एका बूस्टरने तो त्या क्षणापासून पुन्हा अद्ययावत धरला जातो. युरोपीय संघात जाताना मात्र मुदतीनंतर दिलेली मात्रा पहिलीच समजतात आणि २१ दिवसांची वाट पुन्हा सुरू होते. एक दिवसाचा उशीर आणि एक वर्षाचा उशीर या नियमाला सारखेच. म्हणून मी बूस्टर ठरलेल्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच देतो. लवकर दिल्याने अपाय होत नाही, आणि ऐन वेळी कुत्र्याला ताप आला तरी तारीख हातची जात नाही.

मांजराबद्दल मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे, कारण घरात राहणारे मांजर हा लसीकरणातला सर्वांत जास्त दुर्लक्षित प्राणी आहे. अमेरिकेत, जिथे कुत्र्यांचे लसीकरण चांगले रुजले आहे, तिथे दरवर्षी रेबीज झालेल्या कुत्र्यांपेक्षा रेबीज झालेली मांजरेच जास्त नोंदवली जातात. मांजर घराबाहेर जात नाही हे खरे असले तरी दार उघडे राहिले की ते निसटते, खिडकीतून वटवाघूळ आत येऊ शकते, आणि जमिनीवर फडफडणारे वटवाघूळ मांजराला पकडावेसे वाटणारच. वटवाघळाच्या दातांची जखम इतकी बारीक असते की केसांखाली ती दिसतही नाही. आणखी एक कारण आहे, आणि मला ते तितकेच वजनाचे वाटते : मांजर चावते. औषध देताना, नखे कापताना, पाहुण्यांच्या मुलाने शेपटी ओढली म्हणून. त्या वेळी लस दिलेली नसेल तर घरातले निरुपद्रवी मांजर अचानक संशयित प्राणी ठरते, आणि ज्याला ते चावले त्याच्या उपचारांचा निर्णय नाहक अवघड होतो.

मांजराच्या बाबतीत लसीच्या जागेवर क्वचित होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीबद्दल तुम्ही वाचले असेल. अशी गाठ होते हे खरे आहे. ती फार थोड्या मांजरांत होते, पण झाली तर खोलवर पसरते आणि मानेच्या किंवा पाठीच्या भागातून ती पूर्ण कापून काढणे कठीण असते. म्हणून मांजराला रेबीजची लस खांद्यांच्या मध्ये न देता उजव्या मागच्या पायात, शक्य तितकी खाली देण्याची पद्धत रूढ झाली आहे. दुर्दैवाने गाठ झालीच तर पाय काढून जीव वाचवता येतो. काही लसींत प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी ॲल्युमिनियमचे क्षार घातलेले असतात. ते नसलेली लस मांजरांसाठी मिळत असेल तर मी ती निवडतो. लसीनंतर टोचल्या जागी छोटी गाठ येणे नेहमीचे आहे आणि ती बहुधा काही आठवड्यांत विरते. पण ती तीन महिन्यांनंतरही टिकली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा लसीनंतर महिना उलटूनही वाढतच राहिली, तर यांतले कोणतेही एक कारण तिचा तुकडा तपासणीला पाठवण्यास पुरेसे आहे. या भीतीपोटी लसच टाळणे मात्र मला मान्य नाही. रेबीजचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

प्रतिपिंडांच्या तपासणीबद्दल मालक अलीकडे वारंवार विचारतात, आणि लसी कमीत कमी द्याव्यात ही त्यांची इच्छा मला समजते. रक्तातील रेबीजविरोधी प्रतिपिंडे प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त असली की लसीला शरीराने योग्य प्रतिसाद दिला असे मानतात. पण हा आकडा प्रतिसादाचा आहे. प्रतिपिंडे कालांतराने उतरतात, आणि ती ०.५ च्या खाली गेलेला प्राणीही पेशींच्या स्मृतीमुळे संरक्षित असू शकतो. उलट आज भरपूर असलेली प्रतिपिंडे पुढच्या वर्षी किती असतील हे या तपासणीवरून सांगता येत नाही. म्हणूनच चाव्याच्या प्रकरणात किंवा प्राणी पाळण्याच्या परवान्यासाठी ही तपासणी सहसा लसीला पर्याय म्हणून स्वीकारली जात नाही. ज्या प्राण्याला आधीच्या लसीनंतर जीवघेणी ॲलर्जी झाली, किंवा ज्याचा गंभीर आजार चालू आहे, त्याच्यासाठी काही ठिकाणी पशुवैद्य लेखी सूट देऊ शकतात. तेव्हाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सूट मिळालेला प्राणी कागदावर दंडातून वाचतो, पण चाव्याच्या वेळी तो लस न घेतलेलाच धरला जातो.

चाव्याचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. तुमचा प्राणी माणसाला चावला तर लस असो वा नसो, दहा दिवसांचे निरीक्षण ठेवले जाते. फरक इतकाच की लसीचा पुरावा असेल तर ते बहुधा घरीच करू देतात. जखम झालेल्या माणसाने मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत बसू नये. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे. लस आणि गरज असल्यास प्रतिपिंडांचे इंजेक्शन घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. दुसरा प्रसंग जास्त वेदनादायक असतो : तुमच्या प्राण्यालाच संशयित प्राणी चावतो. अमेरिकेतील मार्गदर्शन इथे स्पष्ट आहे आणि इतरत्रही विचाराची दिशा तीच आहे. लस अद्ययावत असेल तर ताबडतोब एक बूस्टर द्यायचा आणि प्राण्याला ४५ दिवस घरच्यांच्या नजरेखाली ठेवायचे. मुदत उलटलेली असेल पण आधीच्या लसीचा पुरावा असेल तर तेच. एकदाही लस झालेली नसेल तर मात्र दोनच वाटा उरतात : प्राण्याला शांतपणे मरण देणे, किंवा चार महिने कडक विलगीकरणात ठेवणे, जिथे माणसाचा किंवा दुसऱ्या प्राण्याचा त्याला स्पर्शही होणार नाही. हा निर्णय मालकाला समजावून सांगणे हे माझ्या कामातले सर्वांत जड काम आहे. रेबीजची पक्की तपासणी मेंदूच्या ऊतींवरच होते, जिवंत प्राण्यावर विश्वासाने करता येत नाही, त्यामुळे रक्त तपासून संशय फेडून टाकण्याची सोय इथे नाही.

वरच्या प्रत्येक प्रसंगी पुरावा हा शब्द आला, म्हणून तो कसा असावा ते जवळून पाहू. लस दिल्यावर बाटलीवरचा छोटा चिकट कागद सोलून पुस्तिकेच्या पानावर लावला जातो. त्यावर लसीचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि बाटलीची मुदत असते. त्याच्या शेजारी लस दिल्याची तारीख, ती कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख, प्राण्याचे वर्णन, चिपचा क्रमांक, आणि पशुवैद्याची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक हवा. तुमच्या कुत्र्याची पुस्तिका उघडून एवढे ताडून पाहा. बाटलीची मुदत आणि लसीकरणाची मुदत या दोन तारखांची गल्लत फार होते; चिकट कागदावरची तारीख बाटली कधीपर्यंत वापरता येईल ते सांगते, बूस्टर कधी द्यायचा ते सांगत नाही. कागद सोललेला असूनही सही नाही, किंवा सही आहे पण तारखेत खाडाखोड आहे, अशी पाने सीमेवरचा अधिकारी नाकारतो, आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

लस देतानाच्या काही गोष्टी मालकाने स्वतः पाहाव्यात. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, आणि उन्हाइतकाच तिला बर्फाचाही धोका असतो. ॲल्युमिनियमचे क्षार असलेली लस एकदा गोठली की वितळल्यानंतर तिच्यात गुठळ्या दिसतात आणि ती निकामी होते. अशी बाटली कितीही हलवली तरी दुरुस्त होत नाही. चांगली लस हलकेच हलवली की एकसारखी गढूळ होते. डोळ्यांदेखत बाटली फोडून सुईत ओढायला सांगण्यात संकोच बाळगू नका, कोणताही चांगला पशुवैद्य त्याने दुखावणार नाही. कुत्रा लहान आहे म्हणून अर्धी मात्रा द्या, अशी विनंती मात्र कृपया करू नका. ही मात्रा वजनावर ठरत नाही. लेबलवर लिहिलेली मात्रा, बहुतेक लसींत एक मिलिलिटर, लहान-मोठ्या सर्वांना सारखीच द्यायची असते, आणि अर्धी दिलेली लस वैद्यकीयदृष्ट्या भरवशाची नसते व कायद्यातही धरली जात नाही. टोचल्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंडाला सूज, वारंवार उलट्या, अंगावर गांधी, हिरड्या पांढऱ्या पडणे किंवा पाय लटपटणे यांपैकी काही दिसले तर लगेच इलाज करावा लागतो. एखादा दिवस सुस्ती, थोडा ताप किंवा भूक मंदावणे हे साधे आहे. ताप, जुलाब किंवा इतर चालू आजार असलेल्या प्राण्याला बरा होईपर्यंत थांबवणे योग्य. गाभण मादीबाबत लसीचे लेबल पाहून ठरवावे. रेबीजच्या बहुतेक प्राणिलसी मृत विषाणूच्या असल्यामुळे धोका कमी असतो, पण प्रवास किंवा चावा असे निकडीचे कारण नसेल तर मी पिल्ले होईपर्यंत थांबतो.

उरला प्रवास. देश ठरलेला नाही, म्हणून सर्वांत लांब वाट धरून चाला. पुढे वाट छोटी निघाली तर काही बिघडत नाही. युरोपीय संघासाठी आंतरराष्ट्रीय मानकाची पंधरा आकडी चिप, तिच्यानंतर दिलेली लस आणि २१ दिवस एवढे लागते. तुम्ही राहता तो देश त्यांच्या मान्य यादीत नसेल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबणे, हे त्यात वाढते. या तपासणीची एक बाब फार उपयोगाची आहे : त्यानंतर बूस्टर एकदाही न चुकवता देत राहिलात तर ती युरोपसाठी पुन्हा करावी लागत नाही, आणि एकदा चुकलात की सगळे पुन्हा. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी किमान सहा महिने वय आणि चिप सक्तीची केली आहे, आणि कुत्र्यांच्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्यांसाठी लसीच्या प्रमाणपत्राच्या अटी बऱ्याच कडक आहेत. मांजरांसाठी तिथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेची लसीची सक्ती नाही, पण तुम्ही ज्या राज्यात राहाल त्याची असू शकते. सर्वांत लांब वाट जपान आणि ऑस्ट्रेलियाची. जपानसाठी चिपनंतर ३० दिवसांहून जास्त अंतराने दोन मात्रा, मग रक्त, आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस. शिवाय पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या विलगीकरण यंत्रणेला कळवावे लागते. ऑस्ट्रेलियाचे १८० दिवस रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याच्या दिवसापासून मोजतात.

तेव्हा तुमच्या दोघांचे वेळापत्रक असे बसते. या आठवड्यात चिप आणि लगेच लस. पुढे साधारण पाच आठवड्यांनी दुसरी मात्रा (कुत्र्याला संरक्षणासाठी ती लागत नाही, पण जपानसारख्या देशाच्या अटीसाठी लागते) आणि त्याच भेटीत रक्ताचा नमुना. त्यानंतर १८० दिवसांची वाट. सात-साडेसात महिन्यांत दोन्ही प्राणी जवळपास कोणत्याही देशाच्या रेबीजविषयक अटींत बसतील, आणि तुमच्याकडे वर्ष आहे. देश नक्की झाला की त्याच्या कृषी किंवा पशुवैद्यक खात्याचे अधिकृत पान स्वतः वाचा, आणि तिकीट काढण्याआधी पुन्हा एकदा वाचा, कारण हे नियम बदलत असतात. रक्त काढायच्या दिवशी डॉक्टरांना स्कॅनरने चिप वाचायला सांगा, आणि पडद्यावर आलेला क्रमांक नमुन्याच्या अर्जावर आणि लसीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या क्रमांकाशी एकेक आकडा वाचून जुळवा; एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तपासणीचा निकाल कितीही चांगला आला तरी तो तुमच्या प्राण्याचा मानला जाणार नाही.